चौकातला उजवा हात

तो हात माझा आहे. हे मी आधी आमच्या ह्यांना सांगितलं, मग पार्लरवालीला, मग फ्लेक्सवाल्याला, आणि तिघांनीही माझ्याकडे असं बघितलं की मी जणू चौकातल्या पाण्याच्या टाकीवरच मालकी सांगतेय. म्हणून आता पहिल्यापासून सांगते.

मी एका खासगी कॉलेजात क्लार्क आहे. दिवसभर खिडकीत बसून दाखले द्यायचे आणि 'मॅडम, जरा लवकर' ऐकायचं, हे माझं काम. गुरुवारी संध्याकाळी सुटून घरी निघाले होते. जुळे सोलापुरात आमच्या अपार्टमेंटच्या अलीकडे जो चौक आहे, तिथे रोज कुणाचा ना कुणाचा फ्लेक्स असतो. कुणाचा वाढदिवस, कुणाची निवड, कुणाला श्रद्धांजली. मी मान वर करून बघतही नाही. पण त्या दिवशी रिक्षा आडवी आली, मी स्कूटीचा ब्रेक दाबला आणि समोर बघते तर काय, दहा फुटी हात. पाची नखं वांगी रंगाची. खाली जाड अक्षरांत 'तुमच्या हातांना आमच्या तज्ज्ञांचा स्पर्श', त्याखाली पार्लरचा पत्ता, आणि कोपऱ्यात स्वतः पार्लरवाली शिवलीला, हात जोडून, हसतमुख.

करंगळी बघितली आणि माझं डोकंच फिरलं. ती करंगळी वरच्या पेरात बाहेर वाकलेली आहे. मी सात वर्षांची असताना भवानी पेठेतल्या आमच्या घरी ती झोपाळ्याच्या कडीत सापडली होती, बांधली तरी वाकडी ती वाकडीच राहिली. तेवढ्यावर भागत नसेल तर हाताखाली आमच्या पलंगावरची चादर होती, काठावर मोर असलेली. माझा हात, माझा मोर, आणि तज्ज्ञ म्हणे यांचे! मागची गाडी हॉर्न वाजवत होती. वाजव म्हटलं, किती वाजवतोस ते.

नखं रंगवण्यात असं काय मोठं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा डाव्या हाताने उजव्या हाताची नखं रंगवून दाखवावीत. मी ते शिकले ते हौसेने नाही, रागाने शिकले. दोन वर्षांपूर्वी चुलतबहिणीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी मी ह्याच शिवलीलाकडे गेले होते. मला वांगी रंग हवा होता. तिने माझा हात उचलला, उलटा-सुलटा केला आणि दुकानात चार बायका बसलेल्या असताना म्हणाली, "मॅडम, तुम्ही डार्क शेड नका घेऊ. हात अजून काळे दिसतात. तुम्हाला फिकटच बरा." मी सावळी आहे, हे मला जन्मापासून माहीत आहे, त्यासाठी पैसे देऊन खुर्चीत बसायची गरज नव्हती. पण चारचौघींत बोलता आलं नाही. फिकट गुलाबी लावून, तोही कातडीवर सांडलेला, मी घरी आले आणि मोरीत उभी राहून सगळा पुसून काढला.

मग मी वांगी रंगाची बाटली आणली आणि दर रविवारी सकाळी बसायला लागले. भांडी घासायच्या आधी, कारण पाण्याने नखं फुगतात आणि मग रंगाचे पोपडे निघतात. पंखा बंद, नाहीतर रंगात बुडबुडे येतात. नखांवरचा तेलकटपणा रिमूव्हरने पुसायचा, डबा पालथा घालून त्यावर नॅपकिन, नॅपकिनवर हात. ब्रश बाटलीच्या तोंडाशी निथळवायचा, एका बाजूला थेंबभर रंग ठेवायचा. नखाच्या मधोमध ब्रश टेकवून आधी कातडीकडे सरकवायचा, केसभर अलीकडे थांबायचं आणि मग टोकापर्यंत ओढायचं. मग दोन्ही कडा. डावा हात सोपा. उजव्याला मात्र माझे पाच-सहा रविवार वाया गेले, कारण डाव्या हातातला ब्रश थरथरतो. एक दिवस लक्षात आलं की ब्रश हलवायचाच नाही. डावं कोपर टेबलावर रोवायचं, ब्रश स्थिर धरायचा आणि त्याच्याखाली बोट वळवायचं. त्या दिवसापासून माझा उजवा हात डाव्यापेक्षा नीट रंगतो. रंगाचे दोन पातळ हात, मध्ये दहा मिनिटं, आणि चुकून बाहेर गेलंच तर टूथपिकला कापूस गुंडाळून टिपून घ्यायचं. आमचे हे म्हणतात, एवढ्या वेळात एक खोली रंगवून झाली असती. रंगवा की, कुणी अडवलंय?

महिन्यापूर्वीच्या एका रविवारी उजवा हात असा काही जमला की मी फोटो काढून स्टेटसला टाकला. पंधरा मिनिटांत शिवलीलाचा मेसेज. "सुंदर! कुठे केलंत?" मी मुद्दाम लिहिलं, "घरी. माझी मीच." तिने अंगठा पाठवला. म्हणजे तिला ठाऊक होतं! पुरतं ठाऊक होतं, आणि तरीही!

गुरुवारी घरी आल्या आल्या मी आमच्या ह्यांना, म्हणजे मुकुंदना, सगळं सांगितलं. ते शाळेत गणित शिकवतात, त्यामुळे त्यांना कशाचाच धक्का बसत नाही. वह्या तपासता तपासता म्हणाले, "हात आहे दुर्गा, चेहरा नाही. कोण ओळखणार आहे?"

"मी ओळखलं की!"

"तू सोडून," ते म्हणाले आणि पुढची वही उघडली. मी त्या रात्री त्यांना चपाती वाढली, पण तूप लावलं नाही.

शुक्रवारी सकाळी उत्कर्षाला शाळेत सोडायला निघाले. उत्कर्षा माझी मुलगी, तिसरीत आहे. रंगाने माझ्यावर गेलीय आणि हट्टाने दोघांवर. मी चौकात मुद्दाम स्कूटी थांबवली. म्हटलं, निदान पोरीला तरी दाखवू आपल्या आईची करामत.

"ओळख बघू कुणाचा हात?"

तिने वर बघितलं, मग हँडलवरच्या माझ्या हाताकडे बघितलं. "पार्लरमधल्या बाईचा."

"अगं, माझा आहे! करंगळी बघ की."

ती हसली. "नाही आई. तुझा नाही तो. तो किती छान आहे." आणि मग स्वतःचा हात दप्तराच्या पट्ट्यावरून उचलून तिने जरासा बघितला आणि परत ठेवला.

तेव्हा मला दिसलं. आदल्या दिवशी रागाच्या भरात करंगळी बघितली, मोर बघितला, अक्षरं बघितली, पण कातडी बघितली नव्हती. फ्लेक्सवरचा हात गोरा होता. नुसता उजळ नाही, दुधासारखा गोरा. माझा हात चोरला होता ते होतंच, वर तो धुऊन घेतला होता. तिला शाळेत सोडलं आणि दिवसभर खिडकीत बसून मी दाखल्यांवर शिक्के असे मारले की शिपाई दोनदा येऊन बघून गेला.

चोरी मी एक वेळ गिळली असती. मुकुंद म्हणतात तसं, हात आहे, चेहरा नाही. पण माझ्या आठ वर्षांच्या मुलीने आईचा हात ओळखला नाही आणि का ओळखला नाही ते मला सांगून टाकलं, हे मी गिळणार नव्हते. मला तो हात त्याच्या खऱ्या रंगात त्याच चौकात हवा होता, आणि उत्कर्षाने तो तिथेच बघायला हवा होता. त्यापेक्षा कमी काही चालणार नव्हतं.

संध्याकाळी सहाला पार्लरमध्ये शिरले. तीन बायका बाकावर, एक खुर्चीत, शिवलीला उभी राहून भुवया कोरत होती.

"शिवलीलाताई, चौकातल्या फ्लेक्सवर हात कुणाचा आहे?"

"नेटवरचा आहे मॅडम. का हो, आवडला?" तिने दोरा दातात धरूनच विचारलं.

मी हात पुढे केला. करंगळी दाखवली. चादरीचं सांगितलं. तिने माझ्या हाताकडे बघितलं, आरशातून बाकावरच्या बायकांकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "मॅडम, राग मानू नका, पण तो हात गोरा आहे की."

बाकावरची एक बाई फिस्सकन हसली. दोन वर्षांपूर्वीचं सगळं माझ्या अंगावर आलं, पण ह्या वेळी मी गप्प बसणारी नव्हते. काऊंटरवरची लाल रंगाची बाटली उचलली, पर्समधून स्वतःचं रिमूव्हर काढलं, उजव्या हाताची नखं पुसली, कोपर काऊंटरवर रोवलं आणि डाव्या हाताने उजवा हात रंगवायला बसले. खुर्चीतली बाई एक भुवई झालेली, एक राहिलेली, तशीच मान वळवून बघत होती. पाचवं नख झालं तेव्हा मी हात फ्लेक्सवरच्या हातासारखाच वळवून काऊंटरवर ठेवला. वाकडी करंगळी, कातडीपासून केसभर लांब थांबलेला रंग, कुठेही सांडलेला नाही.

"तुमच्या तज्ज्ञांना बोलवा," मी म्हटलं, "आणि एवढं डाव्या हाताने करून दाखवायला सांगा."

शिवलीलाने दोरा खाली ठेवला. बायकांसमोर तिचा चेहरा उतरला होता, आणि खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं. "चुकलं मॅडम," ती म्हणाली. "फोटो आवडला म्हणून घेतला. विचारायला हवं होतं. तुमचं नाव टाकते खाली. नवीन फ्लेक्स करू."

"नाव नंतर. हात गोरा का केला ते सांगा."

"आईशप्पथ, मी नाही केला. मी तुमचा फोटो जसाच्या तसा फ्लेक्सवाल्याला पाठवला."

"म्हणजे फ्लेक्सवाल्याने केला?"

"केला असेल त्याने. सगळ्यांनाच करतात की ते. तुम्ही जा त्याच्याकडे, हवं तसं करून घ्या. मी फोन करून सांगते, खर्च माझा." आणि मी दारापर्यंत गेल्यावर मागून म्हणाली, "पण मॅडम, जाहिरात आहे ती. थोडा तरी उजळ ठेवा."

मी वळून बघितलं. तिने लगेच दोरा उचलला.

शनिवारी कॉलेज अर्धा दिवस. दुपारी दोनला मी भवानी पेठेत त्या फ्लेक्सच्या दुकानात होते. पंचवीस-सत्तावीस वर्षांचा धम्मदीप नावाचा मुलगा कॉम्प्युटरवर बसला होता, आणि मागे मशीनमधून कुणा नेत्याचा गाल हळूहळू बाहेर येत होता. मी नाव सांगितलं आणि त्याने बसा म्हणायच्या आत सुरू झाले. म्हटलं, माणसांना गोरं करायचा ठेका तुम्हाला कुणी दिला? चौकाचौकांत बघते मी, वाढदिवसवाला गोरा, शुभेच्छा देणारे बाराजण गोरे, मेलेली माणसंसुद्धा गोरी. ह्या उन्हाच्या गावात एवढे गोरे राहतात तरी कुठे? माझा हात तुम्हाला लाज वाटण्यासारखा होता का? माझ्या पोरीने आईचा हात ओळखला नाही, तुम्हाला कळतंय का?

मी दम घ्यायला थांबले तेव्हा त्याने पाण्याची बाटली पुढे सरकवली.

"ताई, तुमी म्हणताय ते खरं हाय. आमी करतो उजळ. गिऱ्हाईकच सांगतं, नाही केलं तर फ्लेक्स परत आणतंय. पण तुमच्या हाताला मी काय केलं न्हाई."

"खोटं बोलू नका."

"खोटं कशाला बोलू? हितं बघा की." त्याने पडद्यावर दोन चित्रं शेजारी शेजारी उघडली. एक फ्लेक्सचं, एक शिवलीलाने पाठवलेला फोटो. "ह्यात मी बांगडी कापली आन् अक्षरं टाकली. बाकी हात जसा आला तसा हाय."

दोन्ही हात सारखेच गोरे होते.

"मग शिवलीलाने केला," मी म्हटलं.

"असंल. तुमच्या फोनमधला मूळ फोटो काढा, लगेच कळतंय."

मी फोन काढला. रविवारचा फोटो शोधला आणि विजयाने त्याच्यासमोर धरला. त्याने तो बघितला, मग माझ्याकडे बघितलं, मग फोन माझ्याकडे वळवून पडद्याशेजारी धरला. फोनमधलाही हात गोरा होता. तितकाच. महिनाभर तो माझ्या फोनमध्ये होता, मी तो पन्नास वेळा उघडून बघितला होता, आणि प्रत्येक वेळी मला तो माझाच वाटला होता.

"कॅमेरा उघडा," धम्मदीप म्हणाला. त्याने कोपऱ्यातल्या एका चिन्हावर बोट ठेवलं आणि एक पट्टी उघडली. "ही बघा, कातडी उजळ करायची पट्टी. चालू हाय. आन् पार शेवटापर्यंत वढलीय."

"दुकानातूनच तशी आली असेल."

"दुकानातनं येती ती मधल्या खुणेवर येती ताई," तो म्हणाला. आवाजात टोमणा नव्हता, तेच जास्त लागलं. "शेवटापर्यंत कुणीतरी वढावी लागती."

कुणी ओढली ते मला आठवलं. तीन वर्षांपूर्वी, फोन घेतला त्याच आठवड्यात, उत्कर्षाचा मोठ्या शिशुवर्गातला पहिला दिवस होता. नवा गणवेश, दोन वेण्या, दारात उभी. पहिला फोटो काढला तो मला पसंत पडला नाही. पोरगी अंधारात उभी असल्यासारखी वाटली, खरं तर दारात चांगलं ऊन होतं. मी ती पट्टी शोधून काढली, ओढली, अजून ओढली, आणि म्हटलं, आता कशी गोड दिसतेय बघ. तिलाही दाखवलं. फोन तिच्या हातात देऊन दाखवलं.

मी दुकानाच्या स्टुलावर बसून सगळे फोटो मागे मागे सरकवत गेले. वाढदिवस, गड्ड्याची जत्रा, स्नेहसंमेलनातला नाच, अक्कलकोटला आजीच्या मांडीवर. तीन वर्षांत कमीत कमी दोन हजार फोटो. माझ्या मुलीचा तिच्या स्वतःच्या रंगाचा एकही फोटो माझ्याकडे नव्हता. आणि मी त्या शिवलीलाला चार बायकांसमोर खाली बघायला लावून आले होते! चोरीबद्दल लावलं ते ठीकच. पण रंगाबद्दल? माझा मलाच इतका संताप आला की फोन त्या मशीनखाली घालावासा वाटला.

"मग काय करू ताई?" धम्मदीपने विचारलं. "कुठला हात छापू?"

मी पट्टी मागे ओढली, पार शून्यावर. हात त्याच्या काऊंटरवर ठेवला. कालचा लाल रंग होता, वांगी नव्हता, असू दे म्हटलं. त्याने फोटो काढून मला दाखवला. सावळा हात, लाल नखं, वाकडी करंगळी, बोटांच्या सांध्यांवर भांड्यांनी पडलेले काळे डाग. मला तो लगेच आवडला असं मी म्हणणार नाही. तीन वर्षांनी डोळ्यांना सवय नव्हती. पण म्हटलं, हाच. सोमवारी लावा. नाव मोठं घाला, दुर्गा मुकुंद देशपांडे, आणि खाली लिहा, स्वतःच्या हाताने, घरी.

घरी आले तेव्हा उत्कर्षा खिडकीशी बसून चित्र रंगवत होती. दुपारचं ऊन तिच्या तोंडावर होतं, नाकावर निळा रंग लागला होता. मी चप्पलही न काढता म्हटलं, "उठ, उभी राहा. तुझा फोटो काढते."

ती लगेच उभी राहिली. हनुवटी वर, हात कमरेवर, शिकवल्यासारखी. मी फोटो काढला. सुरेख आला होता, खरंच सुरेख. तिचे डोळे, तिचा तो निळा ठिपका, तिचा रंग. मी फोन तिच्या हातात दिला.

तिने दोन बोटांनी फोटो मोठा केला. आधी गाल बघितले, मग हात बघितले.

"हा खराब आलाय, आई," ती म्हणाली. "काळी आलेय मी. पुसून टाक ना. नेहमीसारखा काढ."

दोन दिवस मला ओरडायला माणसं पुरली होती. एक पार्लरवाली, एक फ्लेक्सवाला, एक गणिताचे मास्तर. आता ओरडायला कुणी उरलं नव्हतं. समोर फक्त माझी आठ वर्षांची मुलगी होती आणि ती मी शिकवलेलंच मला म्हणून दाखवत होती.

"काढ ना आई," ती म्हणाली, आणि हनुवटी वर करून पुन्हा उभी राहिली.